घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर : एचपी बघायचं, टाकी बघायची की आणखी काही?

गोदाकाठ | ८ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. गेल्या वर्षी अंगणात पत्र्याची शेड टाकून गॅरेज केलं. आत एक वॅगन आर, एक बुलेट, मुलांच्या तीन सायकली आणि वडिलांची १९८९ सालची बजाज चेतक. वडील आता गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी चहा झाला की चेतकवर फडका मारतात. ती पूर्ण खोलून, पत्रा साफ करून, मूळ निळ्या रंगात पुन्हा उभी करायची असं मी ठरवलंय.

त्यासाठी कॉम्प्रेसर हवाय. कामं अशी : चाकांत हवा, धूळ मारणं, कारच्या चाकाचे नट खोलणं आणि चेतकचा रंग. बजेट १५ हजार, फार तर १८.

समोर तीन पर्याय आहेत. दुकानदार म्हणतो २ एचपी, ५० लिटर टाकी, डोळे झाकून घ्या. ऑनलाइन २४ लिटरचा बिनतेलाचा 'सायलेंट' दिसतोय, तो साडेनऊ हजारांना. आणि मित्राच्या ओळखीत एक गॅरेज बंद झालंय, तिथला वीस वर्षांचा पट्ट्याचा (मोटर पट्ट्यानं पंप फिरवते तो) कॉम्प्रेसर ६ हजारांत मिळतोय. जुनं ते सोनं म्हणून मन तिकडे ओढतंय.

काय करू?

पानापक्कड | ८ जून, रात्री ९:३२

जुना घेऊ नका. बाकी सविस्तर उद्या लिहितो, पण एवढं आज रात्रीच सांगायचं होतं.

सायकलस्वार_सातारा | ८ जून, रात्री ९:५०

सायकलला पंप पुरतो की हो दादा. बाकी चेतकचे फोटो टाका!

उद्यमनगरी | ९ जून, सकाळी ७:१५

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे या विषयावर थोडं लांब लिहितोय.

एचपी हे मोटरचं बळ झालं. तुमच्या रंगाच्या बंदुकीला किंवा हवेच्या पान्याला लागते ती हवा. ती किती लागते हे सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा : "८ बारच्या आसपास हा प्रत्यक्षात किती हवा देतो?" बार हे दाबाचं माप. स्टिकरवर बहुतेक वेळा 'डिस्प्लेसमेंट' छापलेलं असतं, म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा हलवतो ते. बाहेर येणारी हवा छोट्या मशीनमध्ये त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा. स्टिकर ८ सीएफएम म्हणत असेल तर हातात पाच-साडेपाच येणार.

टाकीबद्दलही गैरसमज असतो. टाकी हवा तयार करत नाही, साठवते. २४ लिटरची टाकी ८ बारवर बंद होते आणि ५.५ बारला मोटर पुन्हा सुरू होते असं समजा. मधल्या अडीच बारमध्ये वापरायला मिळाली २४ गुणिले अडीच, म्हणजे ६० लिटर हवा.

आता वॅगन आरचा टायर घ्या. त्याच्या पोटात साधारण २५ ते ३० लिटर जागा असते. २५ पीएसआयवरून ३३ वर न्यायला १५-१६ लिटर हवा पुरते. म्हणजे चारही चाकं मोटर पुन्हा सुरू न होता होतील. हवा भरण्यासाठी २४ लिटर भरपूर झाली.

रंगाला मात्र तसं नाही. साधी स्प्रे गन मिनिटाला ६ सीएफएम, म्हणजे १७० लिटर ओढते असं धरा. तुमचा छोटा कॉम्प्रेसर देणार ८०-८५. पहिले ६० लिटर वीस सेकंदांत संपतात, मग मोटर चालू होऊनही दाब उतरतच जातो. मिनिटभरात फवारा थुंकायला लागतो आणि पत्र्यावर थेंब पडतात. तुमच्या चार कामांपैकी मशीन कोणतं घ्यायचं हे रंगाचं काम ठरवणार आहे. बाकीची तीन कामं त्याच्या मागून आपोआप होतील.

पानापक्कड | ९ जून, दुपारी १:०५

उद्यमनगरी यांच्या हिशोबाशी शंभर टक्के सहमत. आता कालचं अर्धवट राहिलेलं सांगतो.

माझं चिपळूणला छोटं गॅरेज होतं. आमच्याकडच्या पावसात हवेतलं पाणी टाकीत उतरतं, सगळ्यांच्याच उतरतं. माझा पट्ट्याचा कॉम्प्रेसर सतरा वर्षं चालला. पंप शेवटपर्यंत उत्तम, आवाज एकसारखा. एक दिवस टाकीच्या पोटाखालून बारीक शिट्टी ऐकू आली. हात फिरवला तर सुईच्या टोकाएवढं भोक. वेल्डिंगवाला म्हणाला, दोन मिनिटांत बुजवतो. मी रंग खरवडून हातोडीनं हलकं ठोकून बघितलं, तर भोकाभोवतीचा तळहाताएवढा पत्रा पापडासारखा झाला होता. भोक तेवढं दिसत होतं, गंज आतून लांबवर गेलेला.

अशी टाकी वेल्डिंग करून पुन्हा ८ बारला भरायची म्हणजे घरात बॉम्ब ठेवण्यासारखं आहे. दाबलेली हवा पाण्यासारखी नसते. टाकी फाटली की सगळी साठवलेली शक्ती एका क्षणात बाहेर पडते, आणि पत्र्याचे तुकडे माणूस बघत नाहीत. मी ती टाकी ग्राइंडरनं कापूनच भंगारात दिली, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून.

गोदाकाठ, वीस वर्षांच्या टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे तळाचं पाणी सोडायची तोटी, रोज उघडला जात होता की नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? पंप आणि मोटर घेऊन नवीन टाकीवर बसवणार असाल तर ठीक. टाकीसकट नको.

गोदाकाठ | ९ जून, संध्याकाळी ६:४०

पानापक्कड, अंगावर काटा आला. शेडमध्ये मुलं खेळायला येतात. जुन्याचा विषय माझ्याकडून संपला. पण 'पाणी उतरतं' म्हणजे नेमकं किती? नाशिकला कोकणासारखा पाऊस नाही.

ढगांचा_हिशोब | ९ जून, रात्री ८:२०

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आकडा काढून देतो.

३० अंश तापमानाला हवा काठोकाठ दमट असेल तर एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के धरली तर साधारण २६ ग्रॅम. तुमची ५० लिटरची टाकी ८ बारला भरली की आत बाहेरची सुमारे ४५० लिटर हवा कोंबलेली असते. तिच्यात वाफ आली ११-१२ ग्रॅम. पण दाबल्यानंतर जागा राहिली ५० लिटर, आणि तेवढ्या जागेत मावते फक्त दीड ग्रॅम. उरलेली १० ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसणार.

म्हणजे रिकामी टाकी एकदा भरली की दोन चमचे पाणी. रविवारभर काम करून दहा वेळा तेवढी हवा ओढली तर अर्धा पेला. हे पाणी कुठून आलं असं लोक विचारतात. ते श्वासाबरोबर आपण घेतो त्याच हवेतलं असतं.

रंगारी_पेण | ९ जून, रात्री १०:४५

धागा बघून राहवलं नाही. आम्ही पेणला गणपतीच्या कारखान्यात वर्षातले आठ महिने कॉम्प्रेसरच्या आवाजात असतो. पितांबराची छटा, गालाची लाली, सोंडेवरची सावली ही सगळी एअरब्रशची कामं. एअरब्रशला हवा फार कमी लागते. १५ ते ३० पीएसआय आणि १ सीएफएमच्याही आत. पण ती हवा कोरडी आणि एकसारखी पाहिजे. मूर्तीच्या डोळ्याजवळ पाण्याचा एक थेंब उडाला तर सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो.

आमचा अनुभव : टाकीतून निघालेली हवा लगेच फिल्टरमध्ये घालू नका. गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निघून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन उतरतं. मध्ये सात-आठ मीटर नळी असू दे, हवा थंड होऊ दे, मग गनच्या जवळ फिल्टर लावा. नळीचा उतार टाकीकडे ठेवा.

आणि गोदाकाठ दादा, निळ्या रंगाची छटा जुळवायला मडगार्डच्या आतल्या बाजूचा भाग बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं, मूळ रंग तिथेच टिकतो.

गोदाकाठ | १० जून, सकाळी ६:५५

रंगारी, आत्ता बॅटरी घेऊन जाऊन बघितलं. डिकीच्या आत वीतभर जागा अगदी गडद निळी आहे! बाहेरची त्यापुढे राखाडी वाटते. वडिलांना दाखवली तर बराच वेळ बघत उभे राहिले. खूप आभार.

वीजमापक | १० जून, सकाळी ११:३०

कोणीच विजेचं बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

२ एचपी म्हणजे दीड किलोवॅट. चालू असताना ८ ते १० अँपिअर. पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढतो. पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगला बारीक एक्स्टेंशन जोडून चालवलात तर मोटरला पुरतं व्होल्टेज मिळणार नाही. ती गुणगुणत बसेल आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जाईल. शेडमध्ये अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग घ्या. लांब काही ओढायचंच असेल तर हवेची नळी लांब ओढा, वायर नको.

आणखी एक गोष्ट. मोटर बंद झाली की 'फुस्स' असा आवाज यायला हवा. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा सुटल्याचा तो आवाज. तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. दुकानात चालवून बघताना हा आवाज ऐका.

कोथरूडची_आजी | १० जून, दुपारी ४:१०

आमच्या सोसायटीत खालच्या पार्किंगमध्ये एका मुलाने असलं यंत्र आणलं आहे. रविवारी दुपारी लावतो. माझी झोप मोडते म्हणून नाही सांगत, पण वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. घेणाऱ्यांनी शेजाऱ्यांचाही विचार करा.

वीजमापक | १० जून, दुपारी ४:५०

आजी, तुमचं बरोबर आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा दिलेली आहे. छोटा थेट जोडणीचा, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटरलाच पंप जोडलेला कॉम्प्रेसर जवळून ८०-९० डेसिबल करतो. भिंतीआड गेला तरी ऐकू येतोच. त्या मुलाशी बोलून वेळ ठरवून घ्या, ऐकेल तो.

कोथरूडची_आजी | १० जून, संध्याकाळी ७:३०

बोलले. गुणी मुलगा आहे. सकाळी ११ ते १२ ठरलं. माझ्या नातवाच्या सायकलीत हवाही भरून दिली.

रंधा | ११ जून, रात्री ९:००

आवाजावरून आठवलं. मी ठाण्यात फ्लॅटच्या टेरेसवर सुतारकाम करते, खिळ्यांची गन वापरते. सुरुवातीला थेट जोडणीचा घेतला होता, मोटर २८५० फेऱ्यांनी फिरणारा. दोन महिन्यांत विकला. आता दातांच्या दवाखान्यात असतो तसा, १४०० फेऱ्यांचा, दोन पिस्टनचा बिनतेलाचा आहे. शेजारी बसून फोनवर बोलता येतं. म्हणून 'सायलेंट' या शब्दावर जाऊ नका, मोटरच्या फेऱ्या विचारा. फेऱ्या कमी तर आवाज कमी आणि झीजही कमी.

तेलाचा की बिनतेलाचा यावर माझं मत : महिन्यातून चार दिवस वापरणार असाल तर बिनतेलाचा. तेल बदलायची कटकट नाही आणि रंगात तेलाचे कण जात नाहीत.

उद्यमनगरी | १२ जून, सकाळी ७:४०

रंधाताई, इथे मी थोडा असहमत. बिनतेलाच्या पिस्टनची टेफ्लॉनची रिंग झिजते आणि सलग चालवला की लवकर झिजते. तेलाचा पट्ट्यावरचा पंप सावकाश फिरतो, गार राहतो, रिंगा बदलून पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ची, कोइमतूरची एल्गी १९६० ची. त्यांचे जुने पंप आमच्याकडे आजही हवा देतात. तेलाचा घेतलात तर कॉम्प्रेसरचंच तेल घाला, गाडीच्या इंजिनाचं नको. त्याचा व्हॉल्व्हवर कोळसा जमतो.

रंधा | १२ जून, सकाळी ९:१५

पिढ्यान्‌पिढ्या हे मान्य. पण चेतक एकदाच रंगवायची आहे ना! आणि चांगला पट्ट्याचा त्यांच्या १८ हजारांत बसतो का?

उद्यमनगरी | १२ जून, सकाळी ९:४०

नव्यात, नावाजलेला, नाही बसत. हे मानतो.

मिनेसोटाकर | १२ जून, रात्री ११:२०

इकडे घराघरात गॅरेज आणि गॅरेजात ६ गॅलनचा चपटा कॉम्प्रेसर असतो. ६ गॅलन म्हणजे २३ लिटरच्या आसपास. आम्हाला त्याचं खरं काम ऑक्टोबरमध्ये पडतं. अंगणातल्या हिरवळीला पाणी देणाऱ्या नळ्या जमिनीखाली असतात. त्यांतलं पाणी थंडीआधी हवेनं फुंकून काढलं नाही तर गोठून नळ्या फुटतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, दाब १५० पीएसआय आहे, सहज होईल. नळीला जोडला, पाच सेकंद फवारा उडाला आणि टाकी रिकामी. मग एकेक भाग, टाकी भरेपर्यंत थांबणं, असं करत अख्खा शनिवार गेला. उद्यमनगरी म्हणतात तेच. दाब भरपूर होता, हवा पुरेशी नव्हती.

मुलांबद्दल लिहिलंय म्हणून एक सांगतो. धूळ मारायच्या गननं अंगावरची, कपड्यांवरची धूळ कधीच उडवू नका. हवा कातडीखाली शिरू शकते, डोळ्यात कण जातो. इथल्या कारखान्यांत साफसफाईसाठी ३० पीएसआयच्या खाली दाब ठेवायचा नियम आहे.

सायकलस्वार_सातारा | १३ जून, सकाळी ८:३०

मी धाकट्या भाच्याच्या वाढदिवसाला शेजाऱ्यांच्या कॉम्प्रेसरवर १५० फुगे फुगवले. अर्ध्या तासात काम झालं. सगळे मामा-काका रांगेत उभे राहून गाठी मारत होते.

पानापक्कड | १३ जून, सकाळी १०:२०

फुगे मस्तच! भर घालतो. चाकाचे नट खोलण्यासाठी हवेचा पाना घेणार असाल तर पुन्हा विचार करा. अर्ध्या इंचाचा पाना थोडा थोडा वापरला तर टाकीवर भागतो, पण त्याच पैशांच्या आसपास बॅटरीचा मिळतो आणि तो रस्त्यावरही नेता येतो. कसताना मात्र दोन्हींनी नको. नट हातानं बसवून टॉर्कचा, म्हणजे ठरावीक जोरानंच कसणारा पाना लावा, नाहीतर पुढचं पंक्चर काढताना स्टड तुटेल.

आणि हे फार महत्त्वाचं, चेतकबद्दल. तिची रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. टायर काढण्यासाठी ते नट सोडायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवा भरलेली असताना सोडले तर रिम उडते.

घरात हवेची लाइन काढायचा मोह झाला तर नळाचा पीव्हीसी पाइप वापरू नका. दाबाखाली फुटला की त्याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात.

गोदाकाठ | १३ जून, रात्री ९:५०

सगळं वहीत उतरवून घेतलंय. आता मूळ प्रश्नाकडे येतो. चेतकसाठी ५० लिटरचा, कमी फेऱ्यांचा बिनतेलाचा, सुमारे ५ सीएफएम खरी हवा देणारा पुरेल का? सांगितलेली किंमत १७ हजार २०० आहे.

उद्यमनगरी | १४ जून, सकाळी ७:२०

पुरेल, पण गन बदला. कमी हवेवर चालणारी, एलव्हीएलपी म्हणतात ती घ्या. साडेतीन ते पाच सीएफएममध्ये भागते. कारवाल्यांची एचव्हीएलपी घेऊ नका, तिला ९ ते १४ लागतात. आणि सगळी गाडी एका दमात रंगवू नका. मडगार्ड वेगळा, इंजिनाचं कव्हर वेगळं, डिकी वेगळी. एक थर मारायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. मग दुसरा भाग हातात घेईपर्यंत टाकी भरलेली असेल. स्कूटर सुटी होते हा तुमचा मोठा फायदा.

रंधा | १४ जून, सकाळी ८:०५

पावसात रंगवू नका! दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, माझा एक पाट तसाच गेलाय. आणि दोन डब्यांचा, हार्डनर घालायचा रंग वापरणार असाल तर साधा कापडी मास्क चालत नाही. त्यातला आयसोसायनेट फुफ्फुसांना वाईट. वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, शेड दोन्ही बाजूंनी उघडी ठेवा आणि त्या वेळी वडिलांना व मुलांना लांब बसवा.

गोदाकाठ | खंडेनवमी, सकाळी १०:३०

चार महिन्यांनी धागा वर आणतोय.

१७ हजार २०० वाला घेतला. 'फुस्स' ऐकून घेतला. शेडमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र वायर टाकून घेतली. पावसाळाभर पत्रा घासणं, गंज काढणं आणि प्रायमरच्या आधीची कामं केली. प्रत्येक दिवसाचं टाकीतलं पाणी मी मापाच्या पेल्यात धरून लिहून ठेवलं. जुलैमधल्या एका रविवारी १०५ मिलिलिटर निघालं. ढगांचा_हिशोब सर, तुमचा अर्धा पेला बरोबर! गेल्या रविवारी कोरड्या हवेत तेवढ्याच कामाला ४० निघालं.

रंग सप्टेंबरच्या शेवटी, पाच कोरडे दिवस बघून मारला. नऊ भाग, प्रत्येकी तीन थर. पेणच्या सल्ल्याप्रमाणे आठ मीटर नळी आणि गनजवळ फिल्टर. पाण्याचा एकही डाग नाही. पहिल्या मडगार्डवर एक ओघळ आला, तो घासून पुन्हा केला. निळा रंग डिकीच्या आतल्या तुकड्यावरून जुळवला.

आज कॉम्प्रेसर, पाने, गन सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू वाहिला. वडिलांनी चेतकच्या हँडलला हार घातला आणि किल्ली मागितली. गेटपर्यंत चालवत नेली, मी मागे धावत होतो. फोटो टाकलेत.

एक अडचण उरलीय. ड्रेन कॉक टाकीच्या पोटाखाली आहे, रोज जमिनीवर झोपून उघडावा लागतो. काही उपाय?

पानापक्कड | खंडेनवमी, सकाळी ११:०५

फोटो बघून डोळे भरले.

कॉक काढून त्याच आट्यांची पितळी कोपरी बसवा, तिला वीतभर दाबाची नळी आणि टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावा. नळी टाकीच्या तळापेक्षा वर चढू देऊ नका. पायाशी उभं राहून उघडता येईल. सगळं टाकी पूर्ण रिकामी करूनच करा, आणि आट्यांना टेप गुंडाळायला विसरू नका.